सावलीतली वेल

ठाणे-बेलापूर मार्गालगत, रबाळे आणि घणसोली यांच्या शेजारी तळवली हे जुने गाव आहे. पूर्वेस पारसिकचा डोंगर, पश्चिमेस ठाण्याची खाडी आणि मध्ये भातशेती व मिठागरे, असा या पट्ट्याचा पूर्वीचा चेहरा होता. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. नव्या शहरासाठी गावोगावच्या जमिनी संपादित झाल्या, शेते गेली आणि गावठाणे तेवढी उरली. कुटुंबे वाढत गेली, जागा मात्र वाढली नाही. म्हणून घरे वर चढली. जिथे कौलारू घर, पुढे अंगण आणि मागे परसदार होते, तिथे आज तीन-चार मजली इमारती इतक्या जवळजवळ उभ्या आहेत की काही ठिकाणी गॅलरीतून हात लांब केला, तर तो समोरच्या भिंतीला टेकावा. अशा घरांना पाणी मिळते, वीज मिळते, दाराशी रेल्वे मिळते. ऊन मात्र मिळत नाही.

या गावठाणात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या एका कुटुंबातील आजी दोन वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या खेड्यातून मुलाकडे कायमच्या राहावयास आल्या. मुलगा औद्योगिक वसाहतीत नोकरीस, सूनबाई ऐरोलीच्या एका कार्यालयात, आणि घरात दोन वर्षांचा नातू. आजींनी येताना भांड्याकुंड्यांबरोबर तीन झाडे आणली होती : मोगरा, जास्वंद आणि गवती चहा. गावाकडील अंगणात ही झाडे कोणी मुद्दाम वाढवावी लागत नव्हती. इथे मात्र महिन्याभरात जास्वंदीच्या कळ्या उमलण्यापूर्वीच गळू लागल्या. मोगऱ्याच्या फांद्या लांबट आणि किरट्या झाल्या, फूल एकही आले नाही. गवती चहा पिवळा पडला. झाड सुकते आहे म्हणजे त्याला पाणी कमी पडते, या समजुतीने आजींनी सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. त्यामुळे मुळे कुजली आणि गवती चहा गेला. उरलेल्या दोन कुंड्यांकडे पाहणेही त्या टाळू लागल्या. हाताला काम नाही, बोलायला माणूस नाही आणि लावलेले झाडही जगत नाही, असे त्यांना वाटू लागले. अशा वेळी म्हातारे माणूस गावी परत जाण्याची भाषा बोलू लागते. आजीही तेच बोलू लागल्या.

उन्हाचा हिशेब

दोष आजींच्या हातांचा नव्हता. झाडाचा संसारही जमाखर्चावरच चालतो. प्रकाश ही त्याची मिळकत आहे. त्या प्रकाशावर पान अन्न तयार करते आणि त्या अन्नातून फांदी, पान, फूल यांचा खर्च भागतो. फूल हा त्यातला सर्वांत खर्चिक विषय. मिळकत घटली की झाड प्रथम फुलांना कात्री लावते, मग पानांना. अशा झाडाला जास्त पाणी घालून काही साधत नाही, कारण ज्याला खायलाच मिळत नाही ते पाणी तरी किती पिणार? न प्यालेले पाणी मातीत साचते, मातीतील हवा निघून जाते आणि मुळे गुदमरून कुजतात. सावलीत मरणाऱ्या कुंड्यांतील झाडे बहुधा तहानेने मरत नाहीत; ती पाण्यानेच मरतात.

आपल्या घरात किती प्रकाश येतो याचा अंदाज डोळ्यांना लागत नाही, कारण डोळे अंधुक उजेडाशी चटकन जुळवून घेतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो. उघड्या आकाशाखालील सावलीत तो दहा ते वीस हजारांवर येतो. खिडकीजवळ तो हजार-दोन हजार असू शकतो आणि खोलीत आत गेल्यावर शंभर ते तीनशेपर्यंत उतरतो. आपल्याला खोली उजळ वाटते, पण झाडाच्या दृष्टीने ती उपासमारच असते. यंत्र हाती नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. दुपारी बाराच्या सुमारास ज्या जागी कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद ठेवावा आणि त्यावर एक फुटावर हात धरावा. सावलीची कड रेखीव उमटली तर जागा उन्हाची. हात ओळखू येतो पण कड पुसट आहे, असे असेल तर जागा मध्यम प्रकाशाची. सावली जेमतेम जाणवली तर जागा सावलीची समजावी. तळवलीच्या त्या गॅलरीत कठड्याजवळ पुसट सावली पडली आणि आतल्या कोपऱ्यात काहीच उमटले नाही. मोगऱ्याला रोज पाच-सहा तासांचे ऊन लागते. त्याचे तिथे निभणे शक्यच नव्हते.

परंतु सृष्टीत अशाही वनस्पती आहेत की ज्यांचा जन्मच सावलीत झालेला आहे. उष्ण प्रदेशातील घनदाट पर्जन्यवनात वरच्या छतावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम एक-दोन टक्के प्रकाश जमिनीपर्यंत झिरपतो. तेवढ्यावर जगणाऱ्या झाडांनी आपला खर्च बेताचा ठेवलेला असतो. ती सावकाश वाढतात, क्वचित फुलतात आणि सारी शोभा पानांत ठेवतात. सिंगोनियम, अ‍ॅग्लोनेमा, डिफेनबाकिया, पीस लिली ही आपल्याकडील रोपवाटिकांत मिळणारी शोभेची झाडे याच प्रकारची आहेत. त्या सर्वांत सोशिक, स्वस्त आणि घरोघरी परिचित असलेली वेल म्हणजे मनी प्लांट.

मोरेआ बेटावरून

मनी प्लांटचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. ही वेल मूळची प्रशांत महासागरातील मोरेआ या लहानशा बेटाची. ताहितीजवळचे हे बेट आज फ्रेंच पॉलिनेशियात मोडते. १८८० मध्ये युरोपात तिचे वर्णन ‘पोथॉस’ या प्रजातीत झाले, आणि पुढे शास्त्रज्ञांनी तिचे कूळ-गोत्र अनेकदा बदलले तरी बाजारात पोथॉस हे नाव टिकून राहिले. नाव पुन्हा पुन्हा बदलण्याचे कारण मोठे मौजेचे आहे. वनस्पतीची ओळख मुख्यत्वे फुलावरून पटते आणि ही वेल फुलतच नाही. १९६४ नंतर तिला आपोआप फूल आल्याची नोंद मिळत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचे कारण समोर आले. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक ही वेल स्वतः तयार करू शकत नाही. बाहेरून ते पुरविले तेव्हा तिला फुले आली.

फूल नाही म्हणून फळ नाही, आणि फळ नाही म्हणून बी नाही. याचा अर्थ असा की आज जगभर घराघरांत वाढणारा मनी प्लांट कोणीतरी कोणाकडून तरी आणलेल्या फांदीतून उगवलेला आहे. एका हातातून दुसऱ्या हातात गेल्यावाचून या वेलीला दुसरा मार्गच नाही.

पर्समधले पान

त्या घरात ही वेल आली ती मात्र सरळ मार्गाने आली नाही. आजींचे मन रमावे म्हणून सूनबाईंनी एका संध्याकाळी कार्यालयाच्या दर्शनी दालनातील कुंडीतून येता येता एक पान खुडले आणि पर्समध्ये घालून घरी आणले. काचेच्या बाटलीत पाणी भरून ते पान त्यांनी आजींसमोर ठेवले.

“कुठून आणलेस गं हे?” आजींनी विचारले.

“ऑफिसमधून, आई. मनी प्लांट आहे. सावलीत छान येतो म्हणतात.”

“कोणाला विचारून आणलेस?”

सूनबाई हसल्या. “विचारून आणला तर तो लागत नाही, आई. मनी प्लांट चोरूनच आणावा लागतो. सगळे तेच सांगतात.”

“नाही लागला तर न लागो,” आजी म्हणाल्या. “दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावायचा नाही, एवढे आपल्या घरात लहान पोरालाही शिकवतात. उद्या सांगून ये त्यांना.”

चोरून आणलेला मनी प्लांट चांगला लागतो आणि घरात पैसा आणतो, ही समजूत महाराष्ट्रातच नव्हे तर देशभर आढळते. ती इतकी सहज बोलली जाते की तिच्यातील विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही. श्रावकाच्या पाच अणुव्रतांमध्ये अचौर्य आहे. न दिलेली वस्तू घेणे ते अदत्तादान. वस्तू मोठी की लहान, महाग की टाकाऊ, हा प्रश्न तिथे येत नाही. बँकेत दिवसाअखेरीस रोकड जुळवताना एक रुपयाचा फरक आला तरी तो एक लाखाच्या फरकाइतकाच चिकाटीने शोधावा लागतो. रुपयाची किंमत तिथे महत्त्वाची नसते. जुळत नसलेल्या हिशेबावर सही करण्याची सवय लागू नये, यासाठी तो शोध असतो. आजींना बँकेचे नियम ठाऊक नव्हते, पण त्यांचे म्हणणे तेच होते.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी संकोचत कार्यालयातील माळीकाकांना खरी गोष्ट सांगितली. माळीकाका रागावले नाहीत. वेली वाढल्या की महिन्यातून एकदा छाटाव्या लागतात आणि छाटलेले सारे कचऱ्यात जाते, असे त्यांनी सांगितले. सुपरवायझरला विचारून शनिवारी त्यांनी छाटलेल्या वेलींची एक पिशवी भरून दिली. पानासाठी पर्स उघडावी लागली होती, तिथे मागितल्यावर पिशवी मिळाली.

डोळा असलेली कांडी

पिशवी उघडून आजी वेली निवडू लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांचे लक्ष बाटलीतल्या त्या पहिल्या पानाकडे गेले. कृष्णाकाठच्या शेतकरी घरात त्यांचा जन्म गेलेला. उसाच्या लागणीला बेणे निवडताना टिपरीवर डोळा आहे की नाही, हे त्यांनी हजार वेळा पाहिले असेल. बाटलीतल्या पानाला लांब देठ होता, पण वेलीची कांडी नव्हती, पेर नव्हते, डोळा नव्हता. “याला डोळाच नाही. हे फुटणार कुठून?” त्या म्हणाल्या.

त्यांचा अंदाज शास्त्राला धरून होता. मनी प्लांटचा नवा कोंब आणि मुळे निघतात ती वेलीवरील पेरापासून. प्रत्येक पानाच्या बुडाशी असे पेर असते आणि त्यावर तपकिरी रंगाची बारीक गाठ दिसते. ते हवेतील मूळ. देठापाशी खुडलेले नुसते पान पाण्यात कित्येक आठवडे हिरवे राहते, क्वचित त्याला एखादे मूळही फुटते, पण त्यातून वेल कधीच निघत नाही. घाईघाईने, कोणी पाहण्याच्या आत खुडलेला तुकडा बहुधा असाच असतो. आजींनी पिशवीतील वेलींचे दोन-दोन पेरांचे तुकडे केले, खालच्या पेरावरील पान काढले आणि ते पेर पाण्यात बुडेल असे ठेवले. तीन आठवड्यांत त्या सर्वांना दोन-दोन इंच मुळे आली. चोरून आणलेले पान होते तसेच होते.

हे करताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कात्री स्वच्छ असावी. पेराच्या अर्धा इंच खाली काप घ्यावा. पाण्यात पान बुडू देऊ नये, ते कुजते. मुळे दोन-तीन इंच झाली की मातीत लावावे. फार दिवस पाण्यात राहिलेल्या वेलीला पुढे मातीशी जुळवून घेणे जड जाते. एका कुंडीत चार-पाच तुकडे एकत्र लावले तर वेल दाट दिसते.

माती, पाणी, खत

कुंडीच्या बुडाला छिद्र असलेच पाहिजे. लाल माती, कोकोपीट आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत समभाग घेतले तर मिश्रण भुसभुशीत राहते आणि पाणी साचत नाही. येथे जैन कुटुंबांनी एक चौकशी अवश्य करावी. रोपवाटिकांतील तयार मिश्रणात व खतांत पुष्कळदा बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, मिसळलेला असतो. काही द्रवखते मासळीपासून बनविलेली असतात. पिशवीवरील घटक वाचावेत, न समजल्यास विक्रेत्याला विचारावे. पानांसाठी वाढविल्या जाणाऱ्या वेलीला त्यांची मुळीच गरज नसते. दीड-दोन महिन्यांतून एकदा मूठभर शेणखत पुरेसे होते, आणि हिवाळ्यात वाढ मंदावते तेव्हा तेही नको.

पाण्यासाठी वार ठरवू नये. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे. तिथवर माती कोरडी लागली तरच पाणी घालावे आणि ते छिद्रातून बाहेर येईपर्यंत घालावे. तळवलीसारख्या खाडीकाठच्या हवेत पावसाळ्यात माती आठ-दहा दिवस ओलसर राहते, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत सुकते. पाणी जास्त झाले की जुनी पाने एकामागून एक पिवळी पडतात. पाणी कमी झाले की पाने मलूल होऊन खाली वळतात. दुसऱ्या स्थितीतून वेल एका दिवसात सावरते, पहिलीतून सावरणे कठीण असते. म्हणून शंका आली की एक दिवस थांबावे.

पानांवरील पिवळे-पांढरे पट्टे हवे असतील तर वेलीला कठड्याजवळची उजळ जागा द्यावी. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, त्यामुळे तो अन्न तयार करीत नाही. कमावणारा हिरवा भाग न कमावणाऱ्या भागालाही पोसत असतो. प्रकाश कमी झाला की नवी पाने अधिकाधिक हिरवी निघू लागतात. म्हणून आतल्या कोपऱ्यासाठी साधा हिरवा किंवा पिवळसर छटेचा प्रकार निवडावा आणि ‘मार्बल क्वीन’सारखा पांढऱ्या पानांचा प्रकार उजेडात ठेवावा. ‘एन-जॉय’ आणि ‘मंजुळा’ हे जगभर विकले जाणारे दोन पांढऱ्या-हिरव्या प्रकार भारतीय बागायतदाराने निवडून काढलेले आहेत, ही वाचकांना आनंद देणारी गोष्ट.

मनी प्लांटची लोंबणारी वेल आणि चढणारी वेल यांत मोठा फरक असतो. कठड्यावरून खाली सोडलेल्या वेलीची पाने तळहाताएवढीच राहतात. तीच वेल झाडाच्या खोडावर चढली की हवेतील मुळांना आधार व ओल मिळते आणि पाने वाढत वाढत हाताएवढी, कधी त्याहूनही मोठी आणि कडेने फाटलेली अशी होतात. मोठ्या वृक्षावर चढलेली ही वेल पाहून तो मनी प्लांट आहे यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. घरी हे साधायचे असेल तर नारळाच्या काथ्याने गुंडाळलेली काठी कुंडीत रोवावी, वेल तिला सैलसर बांधावी आणि काथ्या अधूनमधून ओला करावा.

पंधरा दिवसांतून एकदा ओल्या मऊ फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसावीत. रस्त्याची धूळ बसलेले पान आधीच कमी असलेला प्रकाश आणखी गमावते. पुसण्याचा दुसरा लाभ असा की पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड फैलावण्यापूर्वीच नजरेस पडते. नवे रोप आणले की दोन आठवडे इतर कुंड्यांपासून वेगळे ठेवावे. कीड झाल्यावर फवारा शोधण्यापेक्षा ती होऊच न देणे हे आपल्या आचाराला अधिक शोभणारे आहे आणि श्रमही त्यात कमी आहेत.

तीन सावधगिऱ्या

पावसाळा लागला तसे महापालिकेचे आरोग्य कर्मचारी गावठाणातील घरोघरी पाणी तपासत आले. त्यांनी विजेरीचा उजेड टाकला तेव्हा नेमक्या त्या पहिल्या पानाच्या बाटलीत, जिच्याकडे आता कोणी लक्ष देत नव्हते, डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या. आजींच्या मनाला ते फार लागले. पाणी ओतावे तर जीवहत्या, ठेवावे तर डेंग्यू. पण असा पेच उभा राहू न देणे हे माणसाच्या हाती असते. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. भांड्यातील पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलावे. अंडी भांड्याच्या आतल्या बाजूस चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही काही महिने टिकतात, म्हणून भांडे आतून घासावे. बाटलीचे तोंड वेलीभोवती कापसाने बंद करावे. कुंडीखालच्या ताटलीतील पाणी त्याच दिवशी काढून टाकावे. यत्नाचार म्हणतात तो याहून वेगळा नाही. त्या दिवसापासून आजींनी मुळे फुटण्यापुरतेच पाणी ठेवले आणि बाकी साऱ्या वेली मातीत नेल्या.

दुसरी सावधगिरी लहान मुलांविषयीची. एके दुपारी नातवाने खालची एक पानाची कड चावली आणि तो रडू लागला. ओठ लाल झाले, लाळ गळू लागली. मनी प्लांट हा अळू आणि सुरण यांच्याच कुळातील आहे, आणि अळूची पाने चिरताना हाताला जी खाज सुटते तिचे जे कारण तेच याचेही. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक पानांत असतात आणि ते तोंडाच्या नाजूक त्वचेत रुततात. सूनबाईंनी मुलाचे तोंड ओल्या फडक्याने पुसले, थंड पाणी पाजले आणि डॉक्टरांकडे नेले. थोड्या वेळात जळजळ उतरली. बहुधा यापलीकडे काही होत नाही. मात्र गिळताना वा श्वास घेताना त्रास दिसला किंवा सूज वाढली, तर क्षणाचाही विलंब करू नये. रांगणारे मूल किंवा पाळीव मांजर-कुत्रे असलेल्या घरात ही वेल हात पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगावी. आजींनी त्याच संध्याकाळी सर्व कुंड्या वर घेतल्या.

तिसरी सावधगिरी मोठ्यांच्या समजुतींविषयीची. मनी प्लांट घरातील हवा शुद्ध करतो, असे सांगून तो विकला जातो. या म्हणण्याला आधार दिला जातो तो १९८९ मधील नासाच्या प्रयोगांचा. पण ते प्रयोग बंद पेटीत केलेले होते. घर ही बंद पेटी नसते. २०१९ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. इमारतीतील नेहमीच्या खेळत्या हवेने जेवढी शुद्धी होते तेवढी झाडांकडून व्हायची असेल, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असे त्यांना आढळले. तेव्हा दाट वस्तीत हवेसाठी खिडकी उघडावी, वेल डोळ्यांसाठी लावावी. पैशाविषयी काय बोलावे? नाव मनी प्लांट असले तरी त्यावर व्याज मिळत नाही. आणि छाटलेली वेल डोंगराच्या कडेला वा झाडांच्या बुंध्याशी टाकू नये. श्रीलंकेत आणि हवाई बेटांवर बागेतून निसटलेल्या याच वेलीने मूळच्या झाडोऱ्याला गुदमरवले आहे.

मोगऱ्याचे काय झाले?

मोगरा आणि जास्वंद यांचा प्रश्न उरला होता. त्याच इमारतीच्या गच्चीलगत घरमालकीणबाई राहतात. त्या तळवलीच्याच, शेतीचे दिवस पाहिलेल्या. गच्चीवर त्यांना दिवसभर ऊन मिळते. त्यांच्या जिन्यातील कोपरा मात्र कायम काळोखी. आजींनी त्यांना मनी प्लांटच्या दोन कुंड्या दिल्या आणि आपल्या दोन कुंड्या गच्चीवर ठेवू देण्याविषयी विचारले. त्यांनी आनंदाने होकार दिला. आता रोज सकाळी आजी पाणी घालण्याच्या निमित्ताने दोन जिने चढून वर जातात, घरमालकीणबाई चहा घेऊन येतात आणि दोघींच्या बोलण्यात एकीचा ऊस आणि दुसरीचे भात यांचा विषय हमखास निघतो. मार्चअखेरीस मोगरा बहरला. जास्वंदीनेही कळ्या धरल्या. गावी परत जाण्याची गोष्ट हल्ली निघत नाही.

गॅलरीत आता सात कुंड्या आहेत. वेली वाढल्या की आजी महिन्याच्या शेवटी त्या छाटतात, दोन-दोन पेरांचे तुकडे करतात, प्रत्येकावर डोळा आहे याची खात्री करून घेतात आणि ओल्या कागदात गुंडाळून दारापाशी एका टोपलीत ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्यास त्या स्वतः होऊन सांगतात की हवी असेल तर फांदी घेऊन जा. कोणीतरी थट्टेने म्हणाले, “आजी, मागून नेलेला मनी प्लांट लागत नाही.” त्यावर आजींनी गॅलरीकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, “मग ह्या सात कुंड्या बघून जा.”